कार्डावर लिहिलेली गोळी रुग्णाला दिली नाही, तर ती चूक ठरते का?

प्रश्न – गाडीतला वैद्य

नमस्कार. मी बीएएमएस असून गेली तीन वर्षे एका खासगी रुग्णवाहिका सेवेत वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या गाडीत प्रत्येक तक्रारीसाठी लॅमिनेट केलेले एक कार्ड असते. छातीत दुखत असल्यास ॲस्पिरिन चावून खायला द्यावी आणि वरचा रक्तदाब ९० पेक्षा जास्त असल्यास जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी, नायट्रेट गटातली गोळी) ठेवावी, एवढेच त्या कार्डावर आहे.

मागच्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास पंचावन्नच्या आसपासच्या एका शेतकऱ्याला आणायला गेलो. घामाने बनियन अंगाला चिकटले होते, नाडी ४८ होती, रक्तदाब ९६/६० होता आणि ईसीजीमध्ये दोन, तीन व एव्हीएफ या लीडमध्ये (हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या नोंदींत) एसटी हा आलेखाचा भाग वर गेलेला, म्हणजे झटक्याची खूण, दिसत होता. त्यातही लीड तीनमध्ये तो लीड दोनपेक्षा अधिक वर होता. ॲस्पिरिन दिली, शिरेतून सलाइन सुरू केले, पण शेजाऱ्याने घरातून सॉर्बिट्रेटची पट्टी आणून हातात दिली तरी ती वापरली नाही. रुग्ण नीट पोहोचला आणि आता घरीही गेला आहे. मला मात्र ‘नियमावलीचे पालन का केले नाही’ याचा लेखी खुलासा मागितला आहे. माझे नेमके कुठे चुकले?

उत्तर १ – आपत्कालीन विभाग, पुणे

औषधोपचाराच्या बाजूने तुमचे काहीच चुकलेले नाही. तुमच्या ईसीजीत दिसला तशा हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत उजवा कप्पाही सापडतो, आणि तो कप्पा दुबळा झाला की हृदयाचे सारे काम शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर अवलंबून राहते. सॉर्बिट्रेटने शिरा सैलावतात, रक्त परतणे कमी होते आणि ९६ वर असलेला दाब पाहता पाहता ६० वर येऊ शकतो.

गंमत अशी, की तुम्ही नियम मोडलेलाच नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या २००४ सालच्या मार्गदर्शक सूचनांतच नाडी ५० च्या खाली असल्यास किंवा उजव्या कप्प्याच्या झटक्याची शंका असल्यास नायट्रेट देऊ नये, असे नमूद आहे. कार्ड छापणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी ते वाक्य गाळले असावे. खुलाशात हेच लिहा आणि ईसीजीची प्रत जोडा. एक गोष्ट मात्र राहिली: छातीच्या डाव्या बाजूला लावतात तो व्ही ४ चा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला त्याच जागी लावून, उजवा कप्पा सापडला आहे का हे पाहण्यासाठी ईसीजीची आणखी एक पट्टी काढायला हवी होती. त्याला मिनिटभर लागतो.

उत्तर २ – प्रशिक्षक

वरील मताशी मी सहमत आहे, तरीही या धाग्यावरून ‘अनुभवी माणसाने कार्ड बाजूला ठेवावे’ असा अर्थ कोणी काढू नये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः रस्त्याकडेला पडलेल्या एका माणसाला, तोंडाला दारूचा वास येतो म्हणून, ‘उतरेल आपोआप’ असे समजून गाडीत नुसता कुशीवर झोपवला होता. बेशुद्ध असलेल्या प्रत्येकाची साखर तपासावी, असे कार्डावर स्पष्ट लिहिले होते. रुग्णालयातील परिचारिकेने बोटाला सुई टोचली, तेव्हा साखर ३१, म्हणजे धोकादायक कमी, निघाली. तोही माझा ‘क्लिनिकल निर्णय’च होता. मध्यरात्री दमलेल्या डोक्याला जे सुचते त्याला अनुभव म्हणण्याची आपल्याला फार घाई असते.

म्हणून माझा मुलांना एकच आग्रह असतो: कार्डावरची तपासणी कधीही वगळू नका; कार्डावरचे औषध मात्र त्या तपासणीतून कारण सापडले तर जरूर थांबवा.

उत्तर ३ – कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्र

आमच्या भागात हा विषय निघाला की डॉ. हिंमतराव बावस्कर यांची आठवण होतेच. महाडजवळच्या बिरवाडी केंद्रात त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसांत पाणी होऊन दगावणारे रुग्ण पाहिले. तेव्हाचे प्रचलित उपचार निरुपयोगी ठरत होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, १९८२ साली ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि पुढे त्यांनी वापरलेले प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध आज विंचूदंशाच्या उपचारात सर्रास दिले जाते. रूढ उपचार सोडण्याचे धाडस तर त्यांनी केलेच, पण ते टिकले ते नोंदींमुळे. तुमच्या त्या रात्रीच्या फॉर्मवर काय लिहिले आहे?

प्रश्नकर्ता – गाडीतला वैद्य

सर्वांचे आभार. फॉर्म आज काढून पाहिला. त्यावर माझ्या अक्षरात ‘सॉर्बिट्रेट दिली नाही’ एवढेच आहे. नाडीचा आकडा वेगळ्या रकान्यात आहे, ईसीजीची पट्टी रुग्णालयाच्या कागदांबरोबर गेली, आणि कारण कुठेच नाही. खुलासा मागणाऱ्या साहेबांना यातून काय कळणार होते, हे आता लक्षात येते. ईसीजीची प्रत मिळवण्यासाठी उद्या रुग्णालयात जाणार आहे, आणि कार्डात गाळलेले वाक्य घालावे अशी विनंती खुलाशातच जोडतो. उजव्या बाजूची पट्टी काढण्याचा सराव काल चालकाच्या छातीवर करून पाहिला. पन्नास सेकंद लागले.