पार्किंगमधला मुलगा

नीलिमा ए-४०१: गुड मॉर्निंग ऑल. आज परत सव्वासहाला आपल्या गाड्या पुसणाऱ्या मंदाचा तो मुलगा पार्किंगमध्ये एकटा पुसत होता. माझ्या गाडीच्या डाव्या दारावर परत ओरखडा. हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. दहा वर्षांच्या मुलाकडून काम करून घेणं गुन्हा आहे, उद्या कोणी व्हिडिओ काढून टाकला तर नाव सोसायटीचं जाणार. सेक्रेटरी साहेब, प्लीज लक्ष घाला 🙏

रोहन बी-५०३: नक्की तक्रार कशाची, ओरखड्याची की बालमजुरीची?

नीलिमा ए-४०१: दोन्हीची. सगळ्यात विनोद करायलाच हवा का?

साने काका बी-१०२: तिला लाडकी बहीणचे १५०० मिळतात. रेशन फुकट. शाळेत खिचडी. मग पोराला कामाला का जुंपते? सरकारने अजून किती करायचं?

वैशाली बी-३०४: काका, मंदाताईंचं मनगट मोडलंय, प्लास्टर आहे, एका हाताने फडकं पिळता येत नाही. तीन आठवडे झाले. मी ग्रुपवर लिहिलं होतं, त्यावर चार अंगठे आले आणि खाली लगेच कोणीतरी मोदकांची ऑर्डर टाकली. मुलाची शाळा दुपारची आहे म्हणून तो सकाळी येतो. तिने त्याला पाठवलेलं नाही, तो आपणहून येतो, कारण गाड्यांचं काम गेलं तर भाडं कुठून द्यायचं हे त्यालाही कळतं.

पवार (सेक्रेटरी): सर्वांनी शांततेत घ्यावे. मुलाला उद्यापासून गेटवर थांबवण्याची सूचना वॉचमनला दिली आहे.

वैशाली बी-३०४: वा. झाला प्रश्न मिटला.

अमोल ए-२०२: कायद्याचं सांगतो. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करायला सूट आहे, पण आपल्या गाड्या पुसणं हा काही तिचा घरचा धंदा नाही. सोसायटी अडचणीत येऊ शकते.

नीलिमा ए-४०१: तेच म्हणतेय मी. नाहीतर मी १०९८ ला, चाइल्डलाइनला फोन करते.

देशमुख सर ए-१०३: जरूर करा, चुकीचं काही नाही. फक्त पुढे काय होतं ते सांगतो, मी जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली आहेत. अशा मुलाचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. आणि मंदाबाईच्या दोन मुलांना बाल संगोपन योजनेतून महिन्याला प्रत्येकी २२५० रुपये मिळू शकतात, वडील नसलेल्या मुलांनाही लागू आहे ती, तो अर्जही मंजूर करते तीच समिती. म्हणजे मुलगा पकडला गेला तर तिथे दोन दिवसांत पोचेल, आणि आई अर्ज घेऊन गेली तर कागद अपुरे म्हणून दारातून परत. काय ते ठरवा.

साने काका बी-१०२: २२५० गुणिले दोन ४५०० झाले. अधिक लाडकी बहीण १५००. सहा हजार घरबसल्या. आमच्या वेळी असं काही नव्हतं.

रोहन बी-५०३: काका, तुमच्या वेळी पेट्रोलही स्वस्त होतं

साने काका बी-१०२: विषय बदलू नये.

वैशाली बी-३०४: मिळत नाहीयेत हो काका! एक रुपया नाही. लाडकी बहीणचे काही महिने आले, मग ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार टाका, त्यावर ओटीपी येणार. नवरा गेलेला, त्याचा नंबर केव्हाच बंद, वडील तर तिच्या लग्नाआधीच गेले. नंतर विधवांसाठी मृत्यू दाखल्याची कॉपी अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. दाखलाच नाही. त्याआधीचे जे काही हप्ते आले तेही भलत्याच खात्यात, कारण सिम घेताना दुकानदाराने मोबाईलवरच एक बँकखातं उघडून दिलेलं आणि आधार त्यालाच जोडलेलं, पैसे तिकडे, आणि बाई दर महिन्याला दुसऱ्या बँकेत पासबुक घेऊन रांगेत. ते मी शोधून काढलं, माझ्या दोन रजा गेल्या त्यात.

स्मिता बी-२०१: बाप रे. पण वैशाली तू ग्रेट आहेस हं 👏

साने काका बी-१०२: दाखला नाही म्हणजे काय? माणूस गेला की दाखला मिळतोच.

देशमुख सर ए-१०३: दवाखान्यात गेला तर मिळतो. हे कुटुंब बीडकडचं, ऊसतोडीचं. जोडीने कोयता होता, म्हणजे नवरा-बायको मिळून तोडायचे, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली. बेळगाव जिल्ह्यात उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, ताप आला आणि माणूस तिथेच गेला. रात्रीच गाडीत घालून गावी आणलं, सकाळी अंत्यविधी. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, २१ दिवसांच्या आत. गावचे ग्रामसेवक म्हणतात इथे वारला नाही, इथे नोंद नाही. तिकडे ही बाई एकटी कुणाला विचारणार, भाषा कानडी, टोळी हंगाम संपवून पांगलेली. वर्ष उलटलं की नुसत्या अर्जाने भागत नाही, वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. वर उचल फिटली नव्हती म्हणून तिने पुढचा हंगाम एकटीने अर्धा कोयता काढला. त्यात ते वर्ष गेलं.

रोहन बी-५०३: हे माहीत नव्हतं. सॉरी.

[हा मेसेज डिलीट केला आहे]

नीलिमा ए-४०१: काय डिलीट केलंत साने काका? मी वाचलंय.

साने काका बी-१०२: चुकून दुसऱ्या ग्रुपचा मेसेज इथे आला.

महेश बी-४०२: पार्किंगचा कोपऱ्यातला लाईट १५ दिवस बंद आहे. ओरखडे अंधारामुळे पण असू शकतात. मी आधी पण टाकलं होतं.

पवार (सेक्रेटरी): इलेक्ट्रिशियनला सांगितले आहे.

अमोल ए-२०२: मुलांना गावाकडे वसतिगृहात नाही का ठेवता येणार? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं आहेत असं वाचलंय.

देशमुख सर ए-१०३: आहेत, चांगली योजना आहे. पण पालक ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र लागतं. ही आता ऊस तोडत नाही, गाड्या पुसते.

साने काका बी-१०२: रेशन तर मिळतंच ना? माणशी पाच किलो फुकट. लाडकी बहीण वेगळी.

वैशाली बी-३०४: रेशनकार्ड गावचं, सासऱ्यांच्या नावावर. नियमाने देशात कुठल्याही दुकानात धान्य घेता येतं, पण इथला दुकानदार म्हणतो कोटा संपला, अंगठा उमटत नाही, गावाला जा. पाणी आणि पावडरमध्ये हात असणाऱ्या बाईचा अंगठा कसा उमटेल? स्वतंत्र कार्ड काढायचं तर उत्पन्नाचा दाखला, आणि राहण्याचा पुरावा. खोलीमालक ना करार देतो ना लाईटबिलाची झेरॉक्स. मुलीचा आरटीईचा, खासगी शाळेतल्या मोफत प्रवेशाचा, फॉर्म असाच राहिला, लॉटरी लागली असती का नसती तो भाग वेगळा, फॉर्मच भरला गेला नाही. म्हणून मी जूनपासून सेक्रेटरींकडे एकच कागद मागतेय, ही बाई आमच्या सोसायटीत चार वर्षं काम करते एवढं लेटरहेडवर. सप्टेंबर आला.

पवार (सेक्रेटरी): वैशाली मॅडम, हा विषय ग्रुपवर आणायची गरज नव्हती. ती सोसायटीची कर्मचारी नाही, मेंबर वैयक्तिकरीत्या काम देतात. आणि मागे जुन्या वॉचमनला पत्र दिलं त्याचं काय झालं सर्वांना माहीत आहे. त्याने त्यावर कर्ज काढलं, वसुलीवाले गेटवर उभे, फोन मला. कमिटीवर हे लोढणं नको.

जाधव (माजी सेक्रेटरी) बी-६०१: ते पत्र माझ्या काळातलं नव्हतं हे रेकॉर्डवर असू द्या.

पवार (सेक्रेटरी): सही तुमचीच आहे जाधव साहेब. फाईल दाखवू का?

जाधव (माजी सेक्रेटरी) बी-६०१: दाखवा. त्याच फाईलमध्ये लिफ्टचं कोटेशन पण आहे, तेही दाखवा सर्वांना.

रोहन बी-५०३: पॉपकॉर्न आणतो

अमोल ए-२०२: पत्रात उत्पन्न किती लिहायचं हा खरा प्रश्न आहे. २२ गाड्या, ४०० रुपये, महिना ८८००. वर्षाचे १,०५,६००. आरटीईची मर्यादा एक लाख. धान्याच्या प्राधान्य यादीची शहरात ५९ हजार. खरं लिहिलं तर ती दोन्हीकडून बाहेर, आणि खोट्यावर मी कमिटी मेंबर म्हणून सही करणार नाही, माझ्या व्यवसायात ते चालत नाही.

स्मिता बी-२०१: ५९ हजार वर्षाला म्हणजे महिन्याला पाच हजार पण नाही? पुण्यात?

देशमुख सर ए-१०३: हो.

वैशाली बी-३०४: अमोल, २२ गाड्यांचे पैसे येतात असं कोणी सांगितलं? १४ जण वेळेवर देतात. बाकीचे सुट्टे नाहीत, जीपे करतो, गावाला गेलो होतो, त्या महिन्यात पाऊस होता म्हणून गाडी धुतलीच कुठे. तिची वही माझ्याकडे आहे. फ्लॅट नंबरसकट टाकू?

साने काका बी-१०२: अशा वैयक्तिक गोष्टी ग्रुपवर टाकणं शोभत नाही.

रोहन बी-५०३: काका किती महिने?

साने काका बी-१०२: पाच. ती मागायला आलीच नाही.

नीलिमा ए-४०१: मी कधीच थकवले नाहीत, एवढं नमूद करते. आणि हा सगळा इतिहास मला माहीत नव्हता. तरीही मुलाने काम करू नये हे माझं मत कायम आहे.

वैशाली बी-३०४: माझंही तेच मत आहे नीलिमा. म्हणूनच तर मी जूनपासून ओरडतेय.

देशमुख सर ए-१०३: सुचवतो. पत्रात उत्पन्नाचा आकडा नकोच. उत्पन्न तहसील ठरवतं, तलाठ्याच्या चौकशीवरून, ते आपलं काम नाही. आपण लिहायचं की अमुक महिन्यापासून इथे येऊन गाड्या धुते, बस. मजकूर मी लिहितो. बेळगावच्या बाजूला माझे एक जुने सहकारी राहतात, तिथल्या नोंदीचं कसं करायचं ते विचारतो. प्लास्टर निघेपर्यंत गाड्या आपापल्या पुसाव्यात आणि पैसे पूर्ण द्यावेत. मुलगा गेटवर थांबवायची गरज पडणार नाही.

स्मिता बी-२०१: +१

महेश बी-४०२: +१. आणि लाईट.

अमोल ए-२०२: आकडा नसेल तर मला हरकत नाही.

पवार (सेक्रेटरी): कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवतो. चेअरमन साताऱ्याला आहेत, रविवारनंतर सही होईल. लेटरहेड संपली आहेत, छापायला टाकली आहेत.

वैशाली बी-३०४: पवार साहेब, गणपतीच्या वर्गणीचं पत्र परवाच लेटरहेडवर आलं ना?

पवार (सेक्रेटरी): ती शेवटची होती.

साने काका बी-१०२: वर्गणी यंदा जास्त आहे. असो. पण लाडकी बहीणचं ते दुसरं खातं बंद करून पैसे परत मिळवता येतात का बघा, सरकारचा पैसा असा पडून राहू नये. माझा भाचा बँकेत आहे. विचारू का?

वैशाली बी-३०४: विचारा काका. खरंच विचारा.

(बुधवार)

नीलिमा ए-४०१: गुड मॉर्निंग. आज कोणाचीच गाडी पुसलेली नाही. मंदा आली नाही का?

वैशाली बी-३०४: तहसीलला गेलीये. टोकनसाठी पहाटे पाचला निघाली, मुलगा सोबत आहे, फॉर्म त्यालाच वाचता येतो.

पवार (सेक्रेटरी): सूचना: उद्या गुरुवार सकाळी १० ते २ टाकी सफाईमुळे पाणी बंद राहील. पाणी भरून ठेवावे 🙏

महेश बी-४०२: लाईट?