चर्चा : फोक-रॉक बँडमधला ‘फोक’ नेमका कोण?

महालकर :
परवा नागपुरात धरमपेठेत मित्राच्या गच्चीवर आपल्याच गावच्या एका नव्या बँडची तालीम ऐकली. गिटारवाला इंजिनीअर, ड्रमर चर्चच्या कॉयरमधून आलेला, गाणारी मुलगी शास्त्रीय शिकलेली. वाजवतात झकास. पण पोस्टरवर ‘विदर्भाच्या मातीतला आवाज’! दंडार किंवा खडी गंमत, ही आपल्याकडची लोकनाट्यं, पाहिलीयत का, विचारलं. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. माझं म्हणणं एवढंच, की फोक म्हणायचं तर निदान एक माणूस त्यातला हवा. नाहीतर नुसतं रॉक म्हणा, सुखानं वाजवा.

जुनी कॅसेट :
मग ‘इंडियन ओशन’चं काय करायचं? १९९० साली दिल्लीत सुश्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तींचा तबला-आवाज यांवर उभा राहिलेला बँड. बास वाजवणारा राहुल राम तर कॉर्नेलहून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून आलेला. ड्रमर अमित किलम मध्येच गबगुबी काढतो, ते बाउलांचं, म्हणजे बंगालच्या भटक्या लोकगायकांचं, वाद्य. हा काही बाउल नाही. तरी ‘मा रेवा’ हे त्यांचं नर्मदेचं गाणं ऐकताना कोणाला त्यांची वंशावळ आठवते?

महालकर :
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, खोऱ्यात राहिला, म्हणून ‘मा रेवा’ त्याच्यापर्यंत पोचलं. आपली पोरं यूट्यूबपर्यंत पोचलीत.

वडसा लाइन :
काऊन बाप्पा, फोक म्हणजे काय जातीचा दाखला आहे? आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, या. दिवाळी झाली का वडशाच्या नाटक कंपन्या निघतात, होळीपावेतो रातभर नाटकं. तिथं ऑर्गन वाजते. ऑर्गन तं सायबायचाच ना? त्याले कोणी परंपरा इचारत नाही. धान निघालेल्या बांधीत पब्लिक बसते, नाही आवडलं तं उठून जाते. थेच सर्टिफिकेट.

महालकर :
वाद्य बाहेरचं असणं वेगळं. तुमच्या वडशाचा ऑर्गनवाला जाणत्या पब्लिकपुढं रोज पास-नापास होतो. कॅफेत दंडारीचा ताल चुकला तर कोणाला कळणार? उलट टाळ्या पडतील.

वडसा लाइन :
हे मात्र खरं हाय. (पण कॅफेवाले पैसे देतात भाऊ, बांधीवाल्यायचे थकते.)

जुनी कॅसेट :
तुकडोजी महाराजांची खंजिरी तर विदर्भात गावोगाव आहे. बँडला ‘त्यातला’ माणूस शोधायला गडचिरोलीला जायची गरज नाही, नंदनवन वस्तीतल्या भजनी मंडळात मिळेल. फक्त त्याला बोलावतात ते एका गाण्यापुरतं, आणि पोस्टरवर नाव ‘साथीला’ म्हणून. माझी तक्रार असलीच तर ती इथं आहे.

मागे बसणारा :
तो चर्चवाला ड्रमर मीच. दंडार पाहिली नाही, कबूल. पण लहानपण इतवारीत गेलं. तान्ह्या पोळ्याला मारबतीची, म्हणजे रोगराई-वाईटाच्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली की ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत ढोल-ताशामागं पळायचो. आमच्या दुसऱ्या गाण्यातला ठेका तिथलाच आहे. कॉयरमध्ये कोण शिकवणार? आता मी त्यातला की बघ्या, तुम्हीच ठरवा. आणि पोस्टर मी छापलेलं नाही!

महालकर :
दुसरं गाणं मी खाली चहा प्यायला गेलो तेव्हा झालं असणार. रविवारी तालीम आहे का? येतो. पोस्टरचं तेव्हाच बोलू.