अनुभव धागा: बडोद्याचं जुनं घर आणि एसी

बडोद्यातल्या ज्या मंडळींनी अजून जुनी घरं सोडलेली नाहीत, त्यांच्यासाठी हा धागा. आमचं घर दांडिया बाजारात, आजोबांच्या वेळचं, विटा चुन्यात बांधलेल्या. वरच्या खोलीत दीड टनाचा विंडो एसी, २००६ सालचा. गेल्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. यंदा होळीनंतर चालू केला तर नुसता पंखा. मेकॅनिक म्हणतो, "काका, हवे आने भंगारमां आपी दो." सौ. म्हणते स्प्लिट घेऊ. पण स्प्लिट म्हटलं की भिंत फोडा, वायर बदला, लोड वाढवून घ्या. तुम्ही काय केलंत? त्याहीपेक्षा, काय चुकलं ते लिहा. कुठली कंपनी चांगली यावर भांडणं नकोत, ती लग्नात पुरेशी होतात.

वाडीची सून

काका, आधी गॅसचं. आम्हीही तीन उन्हाळे ओळीने गॅस भरला. मला वाटायचं स्कूटरच्या पेट्रोलसारखा तो संपतच असेल. संपत नाही! बंद नळ्यांत तोच तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. चौथ्या वर्षी एक तरुण मुलगा आला, त्याने गॅसला हातच लावला नाही. आधी नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरला आणि भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने जोडाजोडाला लावत बसला. अर्धा तास काही नाही. मग कॉइलच्या वळणावर मोहरीएवढा बुडबुडा उठला, फुटला, परत उठला. तेवढ्या भोकातून आमचे तीन वर्षांचे पैसे गेले होते. डाग दिला, पंप लावून नळ्या कोरड्या केल्या, मग गॅस वजन करून भरला. पुढे चार वर्षं काही नाही.

तुमच्या २००६ च्या मशीनमध्ये मात्र आर-२२ हा जुना गॅस असणार. ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. कोणी म्हणालं, "त्यातच नवा आर-३२ भरून देतो," तर चहा पाजून वाटेला लावा. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, ऑइल वेगळं आणि तो थोडाफार पेटणाराही असतो.

रावपुऱ्याचा जावई

सासऱ्यांच्या घरी वायरिंग लाकडी पट्टीतलं, ॲल्युमिनियमच्या तारांचं. नवा एसी लावला, तिसऱ्या रात्री सासूबाई म्हणाल्या, कुठेतरी बेकलाइट जळल्याचा वास येतोय. सगळ्यांनी गॅसची शेगडी तपासली. वास येत होता एसीच्या सॉकेटमधून. उघडलं तर पिन तपकिरी, मागची तार कोळशासारखी.

वायरमनने मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवला. पण खरी गंमत अर्थिंगची. जुन्या लोकांनी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती, तेव्हा चालायचं. दहा वर्षांपूर्वी नळाचा पाइप प्लास्टिकचा झाला. तार तिथेच, अगदी घट्ट बांधलेली, प्लास्टिकला! म्हणजे दहा वर्षं घरात गीझर होता, फ्रिज होता, वॉशिंग मशीन होतं, अर्थिंग नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या घरी बघून या.

पोळकरीण

आमच्या पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीत, गल्ली इतकी अरुंद की समोरच्या बेननी फोडणी दिली की ठसका आम्हाला. स्प्लिटचा आउटडोअर (बाहेरचा डबा) बाहेरच्या भिंतीला लावला, आठवड्यात त्या आल्या: "तमारुं एसी अमने बाफे छे." (तुमचा एसी आम्हाला वाफवतोय.) चूक आमचीच होती, गरम झोत थेट त्यांच्या खिडकीवर. शिवाय चुन्याच्या भिंतीत ब्रॅकेटचे बोल्ट धरेनात. खेचलं की भुगा.

मग आउटडोअर धाब्यावर नेला. नळी चौदा मीटर झाली. कंपनीतून भरून आलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो, त्यापुढे दर मीटरला काही ग्रॅम वाढवावा लागतो. पहिल्या माणसाने वाढवला नाही, म्हणून महिनाभर खोली कोमटच. दुसऱ्याने वाढवला.

आता बडोद्याची खास गोष्ट. उत्तरायण, पतंगांचा सण! धाब्यावर चाळीस माणसं, स्पीकर, उंधियू, आणि सगळ्यांचे पाय माझ्या तांब्याच्या नळीवर. कोणाचं लक्ष खाली असतं? एकाने आउटडोअरवर बसून फिरकी धरली. संध्याकाळपर्यंत नळीवरचा काळा फोम फाटला, एके ठिकाणी नळी चेपली. वर पंख्यात मांजा. मार्चमध्ये चालू केला तर पंखा कण्हत फिरायचा. मेकॅनिकने जाळी काढून गुलाबी, हिरवा, पिवळा मांजा कात्रीने कापून काढला, चांगला मूठभर. आता नळी भिंतीच्या कडेने लोखंडी पन्हाळीतून नेली आहे. १३ जानेवारीला आउटडोअरवर गोधडी आणि वर कुंडी. १६ ला आठवणीने काढते. एकदा विसरले होते, ते परत कधीतरी.

सयाजीगंज, तळमजला

ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री नदी अंगणात आली, आउटडोअर दोन दिवस पाण्याखाली. (मगर आमच्याकडे नव्हती, शेजारच्या सोसायटीत होती.) पाणी ओसरल्यावर भावाने उत्साहात स्विच टाकला, आउटडोअरमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड जागच्या जागी गेला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बऱ्याचदा वाचतो. आउटडोअर चालू न करता उघडून धुऊन वाळवला असता तर कदाचित बोर्डही वाचला असता. आता स्टँड सहा फुटांवर आहे. सर्व्हिसला येणारा शिव्या देतो, शिडी आणावी लागते.

सुरसागरकाठी

दोन टनाचा आणूनही खोली थंड होईना. बाबांनी उदबत्ती लावून खोलीभर फिरवली. बाकी सगळीकडे धूर रेंगाळायचा, पण लाकडी छताखाली नेली की दोन फळ्यांच्या फटीतून सरळ वर. सगळी गार हवा माळ्यावरच्या पितळी भांड्यांना. सुताराने फटी बुजवल्या, वर धाब्याला पांढरी चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केली. दोन टनाचा विकला. आता एक टनाचा चालतो, २६ वर, पंखा लावून.

आजवा रोड

आमच्याकडे पाणी ठिबकायचं ते नेमकं देवघरावर. ड्रेनच्या पाइपला उतार नव्हता आणि टोकाला पाल अडकली होती. इतकंच.

धागा काढणारे काका

सगळं वाचलं. विंडोच घ्यायचा ठरवलंय, नवा, इन्व्हर्टरचा. भिंतीत खिडकीएवढी जागा आहेच, नळी ओढायला नको, पोळकरणीसारखी उत्तरायणाची धास्ती नको. पण दुकानात जाण्याआधी रावपुऱ्याच्या जावयाचं ऐकून बॅटरी घेऊन मोरीत वाकलो. अर्थिंगची तार सापडली. नळालाच बांधलेली, आणि नळ प्लास्टिकचा. वायरमन उद्या खड्डा खणायला येतोय. त्याला ओलसर जागा हवी, आमच्या अंगणात ती एकच आहे, तुळशीपाशी. आई म्हणते, तिथे कुदळ लावायची नाही. वाटाघाटी चालू आहेत, तोवर पंखा.