मदत हवी आहे: दूर बसलेल्या टीममधील अबोल सहकाऱ्याला बोलते कसे करावे?

नमस्कार. मी पुण्यातून 9 जणांच्या सॉफ्टवेअर टीमचे काम पाहते. काही जण नागपूर, कोल्हापूर आणि रत्नागिरी येथे घरून काम करतात, तर दोघे न्यू जर्सीत आहेत. उन्हाळ्यात आपली वेळ तिथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असते आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे गेली की हे अंतर साडेदहा तासांचे होते. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाची आमची रोजची बैठक हिवाळ्यात साडेसातला सुरू होते आणि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांची ओढाताण होते.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. रत्नागिरीचा सहकारी कामात अतिशय चोख आहे, पण बैठकीत तो जवळजवळ बोलतच नाही. गेल्या महिन्यात त्याने एका चुकीच्या गृहीतकावर आठवडाभर काम केले. शंका त्याला पहिल्याच दिवशी आली होती, परंतु सर्वांसमोर विचारण्याचा त्याला संकोच वाटला. एकाच कार्यालयात असतो, तर चहाच्या वेळी त्याने ती मला सहज विचारली असती. हा दोष मी त्याचा मानत नाही.

पडद्यावर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर मला वापरायची नाहीत, कारण त्यांनी विश्वासच उडतो. प्रत्येकाशी दर पंधरवड्याला अर्धा तास स्वतंत्र बोलणे मी नुकतेच सुरू केले आहे. बैठका आठवड्यातून दोनच ठेवून बाकीचा आढावा लेखी घेतला, तर अबोल माणसे मोकळी होतात की आणखी दूर जातात? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी, विशेषतः कनिष्ठ सहकारी म्हणून अनुभवले आहे त्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.