नाताळच्या नाटिकेत चर्च हसलं, त्यात चुकलं काय?

शाहूपुरीकर
जय ख्रिस्त. गेल्या नाताळात आमच्या मंडळीतल्या मुलांनी येशूजन्माची नाटिका केली. लाल कागद गुंडाळलेल्या बल्बची शेकोटी, भोवती घोंगडी पांघरलेली चार पोरं. देवदूत झालेली सहा वर्षांची पोरगी स्टुलावर चढली. तिला एवढंच म्हणायचं होतं, "भिऊ नका." समोर भरलेलं चर्च बघितलं आणि तिनं भोकाडच पसरलं. तेवढ्यात धाकटा मेंढपाळ उठला, घोंगड्याच्या टोकानं तिचं नाक पुसलं आणि म्हणाला, "भिऊ नगंस. आमी हाय न्हवं?"

अख्खं चर्च हसलं. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

परवाच्या बैठकीत विषय निघाला. काही जणांचं म्हणणं पडलं, प्रभूच्या जन्माचं हसं झालं. यंदा संवाद शुद्ध मराठीत, पाठ करून, नाहीतर नाटिकाच नको. मला हे पटत नाही. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत सांगतो काय, तर सर्व लोकांना होणाऱ्या मोठ्या आनंदाची बातमी. आणि ती पहिल्यांदा कुणाला? रात्री उघड्यावर कळप राखणाऱ्यांना. त्याच्याही आधी जा. अब्राहामाच्या बायकोला, नव्वदीतल्या सारेला, मूल होणार म्हटल्यावर ती हसली, आणि झालेल्या मुलाचं नाव पडलं इसहाक. त्याचा अर्थच 'तो हसतो'. मरिया भेटायला येते तेव्हा तिच्या नातलग अलीशिबेच्या पोटातलं बाळसुद्धा आनंदानं उडी मारतं. एवढं हसू ज्या गोष्टीत मुळातच आहे, तिच्यापुढं आम्ही तोंड आवळून का बसायचं?

जुना सभासद
दादा, त्या रात्री मीही होतो. मी हसलो नाही. पोरीची दया आली. पण माझा मुद्दा वेगळा आहे. लोक पहिल्यांदा हसले ते त्या पोराच्या 'नगंस'ला. मी स्वतः कागल भागातल्या खेड्यातून आलो. होस्टेलात माझ्या बोलीला पोरं हसायची, ते हसू मी पन्नास वर्षांनंतरही ओळखतो. धनगराचं घोंगडं पांघरायचं आणि धनगरासारखं बोलून हशा घ्यायचा, याला मी आनंद म्हणत नाही.

दुसरं असं, की मत्तयाचा दुसरा अध्यायही नाताळचाच आहे. हेरोद राजा बेथलेहेमातले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मारतो. मरिया-योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसरात, म्हणजे इजिप्तला, पळतात. हे वाचलं की मला शांत बसावंसं वाटतं. आमच्या लहानपणी चोवीसच्या रात्री पेट्रोमॅक्स घेऊन घरोघर गाणी म्हणत जायचो, पण उपासनेत टाचणी पडली तर ऐकू यायची.

शाहूपुरीकर
काका, बोलीचं तुम्ही म्हणता ते मला लागलं. मागच्या बाकांवर काही जण 'नगंस'लाच हसले, हे खरं आहे. पण म्हणून त्या पोराच्या तोंडातली भाषा काढून घ्यायची? येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही अंगणात लोकांनी बोलीवरूनच ओळखलं होतं, की हा गालीलकडचा. सुधारायचं तर हसणाऱ्यांना सुधारूया.

आणि आपल्या मराठी मंडळीला हे नवीन नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये रुजवलं. कीर्तनकार आख्यानात माणसांना हसवतो आणि त्याच दमात रडवतो. आपण टाळ घेतले, मृदंग घेतला, मग ते हसू तेवढं दाराबाहेर का ठेवायचं?

गंगावेशवाला
मी ख्रिश्चन नाही, शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे. दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडं, नाताळात त्यांच्या करंज्या-चकल्या आमच्याकडं. इतकी वर्षं मला नाताळ म्हणजे सांताक्लॉज आणि केक एवढंच ठाऊक. मागच्या वर्षी त्यांच्या घरचा देखावा बघताना आजींनी सांगितलं, बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं होतं. गव्हाण म्हटल्यावर मी थांबलोच. आमच्या घरी म्हशी आहेत. गव्हाणीत कडब्याची कुसळं असतात, म्हशीची लाळ असते, खालून शेणामुताचा वास येतो. तिथं कुणी आपलं लेकरू ठेवणार नाही, अगदीच जागा नसली तरच ठेवेल. देव तिथं आला असं तुम्ही मानता, तर तिथलीच भाषा तुम्हाला का खटकावी? बाहेरचा माणूस म्हणून विचारतोय, राग नसावा.

जुना सभासद
राग कसला, भाऊ. गव्हाणीबद्दल माझ्यापेक्षा तुम्ही नेमकं सांगितलंत. भाषा मला खटकत नाही, ती माझीच आहे. तिचा तमाशा झालेला खटकतो.

ताराबाई पार्कची ताई
मला दोघांनाही एक सांगायचंय. मार्चमध्ये आमचे हे गेले. हा आमचा त्यांच्याशिवायचा पहिला नाताळ. आनंद करा, हसा, असं कुणी म्हटलं की मला चर्चला यावंसंच वाटत नाही. पण पूर्ण गंभीर उपासनेत तर मी कोसळेन. गेल्या वर्षी त्या प्रसंगाला हे माझ्या शेजारी बसून इतके हसले होते, की चष्मा काढून पुसावा लागला. ते हसू माझ्याकडं राहिलंय. नाटिका बंद करू नका.

जुना सभासद
ताई, सलाम. ते हसलेले मला माहीत नव्हतं. बंद करा असं मी आता म्हणणार नाही. पण तालमीला मी येऊन बसणार. त्या पोराला टाळीसाठी बोली ताणायला कुणी शिकवलं तर तिथंच अडवणार.

देवदूताची आई
सगळं वाचलं. ती आता सात वर्षांची आहे. यंदा काय होणार विचारलं तर म्हणाली, देवदूतच, पण तो मेंढपाळ जवळ पाहिजे. त्याला कसं बोलू द्यायचं ते तुम्ही मोठ्यांनी ठरवा. मी पंख शिवायला घेतलेत, मागचे तिला आखूड होतात.