मदत हवी आहे: नगरपरिषदेची खरी माहिती वेळेवर कुठून मिळवायची?

नमस्कार मंडळी, इथं बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा प्लीज.

मराठवाड्यातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ब वर्ग म्हणजे 40 हजार ते 1 लाख लोकसंख्या, तर त्यातलं मधलं कुठंतरी धरा. गावाचं नाव टाकत नाही कारण मला कुणाची तक्रार करायची नाहीये, मार्ग हवाय. दुकान नगरपरिषदेच्या रस्त्यालाच आहे त्यामुळं घरपट्टीची पावती, नळाचा फॉर्म, जन्मदाखला असं काही ना काही घेऊन माणसं येतात आणि झेरॉक्स होईपर्यंत विचारतात, ताई शेवटची तारीख कधीये, ताई पाणी कधी सुटणारे, ताई आमच्या गल्लीतली नाली मंजूर झाली म्हणतात ते खरं का. सुरुवातीला मी म्हणायचे मला काय माहीत, मग वाटलं आपणच विचारून ठेवू, म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकानाबाहेर एक काळा फळा टांगला आणि त्यावर खडूनं गावातल्या कामाच्या चार गोष्टी लिहायला लागले. मग कुणीतरी त्या फळ्याचा रोज फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला लागलं, मग ग्रुपच झाला, आता त्यात चारशेच्या वर लोक आहेत.

आणि तिथूनच माझी झोप उडालीय.

उन्हाळ्यात आमच्याकडं आठ-दहा दिवसांआड पाणी येतं. एप्रिलमध्ये एक मेसेज आला, मेन लाईन फुटली, पाच दिवस पुरवठा बंद, खाली नगरपरिषदेचं नाव. मी तसाच फळ्यावर उतरवला. मागच्या गल्लीतल्या तीन घरांनी मिळून 900 रुपयांचा टँकर मागवला, त्यात एक म्हातारी आजी एकटी राहते, तिनंही तिचे 300 दिले, आणि त्याच संध्याकाळी नळाला पाणी आलं. नंतर कळलं की मेसेज मागच्या वर्षीचा होता, त्यावर तारीखच नव्हती. आजी मला काही बोलली नाही, उलट म्हणाली अगं तू काय मुद्दाम केलंस का. मी 300 रुपये द्यायला गेले तर घेतले नाहीत. पण तिनं टँकर मागवला तो माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून, ते डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या उलट, म्हणजे न लिहिल्यामुळं झालेलं नुकसान. मागच्या वर्षी घरपट्टीची नवीन आकारणी झाली. यादी लागली की हरकत घ्यायला 30 दिवस असतात हे मला तरी तेव्हा माहीत नव्हतं. नोटीस बोर्डावर लागली, पेपरात आली म्हणतात, काहींच्या घरी पोचली काहींच्या नाही. लोक माझ्याकडं आले ते बिल हातात पडल्यावर. एकाच्या पत्र्याच्या खोलीला आरसीसीचा दर लावला होता, फोटो काढून अर्ज दिला असता तर तेव्हाच दुरुस्त झालं असतं. आता प्रत्येक जण म्हणतो ताई तुम्ही फळ्यावर का नाही टाकलं. काय सांगणार, तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

आधी वाटायचं प्रशासक आहे म्हणून असं होतंय. चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सभाच नाही, सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं. मग डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली, 2 तारखेला मतदान, आणि निकालासाठी पार 21 तारखेपर्यंत ताटकळलो, तेव्हा सगळ्या गावाला वाटलं की आता कळायला लागेल. नगराध्यक्ष थेट निवडून आलेत, नगरसेवक फोन उचलतात, वाईट कुणीच नाही. पण बातमी म्हणून जे येतं ते वाढदिवसाचे बॅनर, नारळ फोडल्याचे फोटो आणि सत्कार. कोणत्या गल्लीचं काम किती रकमेचं, कधी संपणार, पाणी कोणत्या भागाला कोणत्या दिवशी, हे काहीच नाही. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी दवंडीवाला चौकात उभा राहून हलगी वाजवायचा आणि दोन वाक्यात सगळं सांगून जायचा. आता घंटागाडीच्या भोंग्यावर ओला कचरा सुका कचरा गाणं लागतं, तेवढीच काय ती नगरपरिषदेची घोषणा.

तर माझे प्रश्न. सभेत काय ठरलं ते सामान्य माणसाला अधिकृतपणे कुठून मिळतं? सभेला नुसतं जाऊन बसता येतं का, की नगरसेवकाची ओळख लागते? पाण्याचं खरं वेळापत्रक कुणाकडं असतं? आणि असा फळा किंवा ग्रुप चालवायला काही परवानगी लागते का, कारण एकानं मला सांगितलंय की पत्रकार नसताना बातम्या दिल्या तर केस होते, तेव्हापासून घरचे म्हणतायत बंद कर. मला बंद करायचं नाहीये. मला बरोबर करायचंय.

प्रतिसाद 1

ताई, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत लिपिक होतो, आता रिटायर आहे. तुमच्या आजीचं वाचून वाईट वाटलं, पण काम सोडू नका.

सभेचं सांगतो. सभेआधी प्रत्येक नगरसेवकाला नोटीस जाते आणि सोबत विषयपत्रिका असते, कुठले विषय घेणार ते सगळं त्यात. म्हणजे तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांच्या हातात तो कागद सभेआधीच असतो. त्यांना फक्त एवढंच म्हणा की विषयपत्रिकेचा फोटो पाठवा. विरोधातल्या कुणाकडूनही तोच कागद मागवा, आणि दोन्ही जुळले तरच फळ्यावर घ्या. सभा झाल्यावर इतिवृत्त लिहिलं जातं, त्याला वेळ लागतो, तोपर्यंत 'ठराव झाला' असं लिहू नका, 'विषय चर्चेला होता' असं लिहा. हा फरक फार मोठा असतो, मंजूर, तहकूब आणि फेटाळला यात लोक नेहमी गोंधळ करतात. आमच्याकडे प्रेक्षक म्हणून माणसं येऊन बसायची, कुणी उठवलं नाही. सभांचे नियम 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 81 मध्ये आहेत, ते वाचून जा म्हणजे दारात कुणी अडवलं तर बोलता येईल.

पाण्याचं म्हणाल तर मोठ्या साहेबांना विचारून काही होत नाही. टाकीवरच्या माणसाला विचारा. कोणती टाकी कधी भरली आणि कोणता व्हॉल्व्ह कधी फिरवणार ते त्यालाच ठाऊक. लाईट गेली की पंप बंद, की सगळं वेळापत्रक सहा तास पुढं. म्हणून तारीख लिहा, वेळ लिहू नका.

प्रतिसाद 2

माहिती अधिकार वापरा की. 2005 च्या कायद्याचं कलम 4 वाचा, 17 प्रकारची माहिती कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायची असते, मागायची पण गरज नाही. ती नसेल तर अर्ज करा. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत बसवायचं, 30 दिवसात उत्तर. नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही.

पण त्याच्या आधी एक सोपा मार्ग आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये शासनानं काढलंय की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाईली बघायला ठेवायच्या, त्यात स्थानिक स्वराज्य संस्था पण येतात. परिपत्रकाची प्रिंट सोबत न्या. झेरॉक्सचं दुकान तुमचंच आहे, चार जास्तीच्या काढा.

रस्ते नाल्यांच्या मोठ्या कामांची टेंडरं महाटेंडर्सच्या साईटवर दिसतात, रक्कम आणि मुदत दोन्ही कळतं.

प्रतिसाद 3

ताई, केसबिसचं घाबरवणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. नियमित छापील अंक काढायचा असेल तर नोंदणी लागते, 2023 चा नवा कायदा आहे त्याला. दुकानाबाहेर फळ्यावर नोटीस उतरवणं म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. मात्र कुणावर आरोप लिहायचा नाही, फक्त कागदावर आहे तेच.

आणि एक सवय लावून घ्या, प्रत्येक ओळीपुढे कुठून कळलं आणि कधी कळलं ते लिहायचं. चुकलं तर पुसून टाकायचं नाही, त्याच फळ्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'काल लिहिलेलं चूक होतं' असं लिहायचं. आमच्या कोकणात गणपतीच्या आधी रस्त्यांच्या अफवा एवढ्या फिरतात की आमच्या वाडीच्या ग्रुपला हाच नियम करावा लागला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितेय कारण मला आधी करून बघायचं होतं.

सोमवारी 3 वाजता गेले. टेबलावरचे दादा म्हणाले असं काही नसतं, मी प्रिंट पुढं केली, ते आत जाऊन साहेबांना विचारून आले आणि मग मला खुर्ची दिली. पाणीपुरवठ्याची फाईल मागितली तर त्यात गावाचे टाकीनिहाय भाग पाडलेला कागदच निघाला, कोणत्या टाकीवर कोणत्या गल्ल्या. हे एवढं साधं, आणि गावात कुणाला माहीत नाही! दादा स्वतःच म्हणाले हे कुणी मागितलंच नव्हतं ताई. मग काकांनी सांगितलं तसं टाकीवर गेले, तिथले मामा म्हणाले तुम्ही रोज सकाळी 9 ला फोन करा, मी सांगतो आज कुठं सोडतोय. आठवडा झाला, सात दिवसांपैकी सहा दिवस बरोबर आलं. एक दिवस पंप बंद पडला, तर मामांनी दुपारी स्वतःहून फोन केला आणि मी लगेच फळ्यावर बदल लिहिला. तो आजीला वाचून दाखवला, तिला लांबचं दिसत नाही.

विषयपत्रिका एका नगरसेवकांनी लगेच पाठवली, दुसरे म्हणाले बघतो. पुढच्या सभेला जाऊन बसणार आहे, कलम 81 मोठ्या अक्षरात प्रिंट करून ठेवलंय.

आता शेवटची मदत. घरपट्टीवर ज्यांनी हरकती दिल्या होत्या त्यांचं काय झालं ते कुणालाच कळलेलं नाही, म्हणून अर्ज करतेय. मजकूर असा: 'विषय: मालमत्ता कर आकारणीवरील हरकती. कालावधी: 1 जानेवारी 2025 ते अर्जाचा दिनांक. आवश्यक माहिती: वरील कालावधीत प्रभागनिहाय प्राप्त झालेल्या हरकतींची संख्या, सुनावणीच्या तारखा, मान्य व अमान्य झालेल्या हरकतींची संख्या, तसेच आकारणी यादी प्रसिद्ध केल्याच्या नोटिशीची छायांकित प्रत. माहिती व्यक्तिशः येऊन घेईन.'

150 च्या खूप आत आहे. पण 'प्रभागनिहाय' मागितलं तर तशी नोंद ठेवत नाही म्हणून अर्ज परत येईल का? लिपिक काका, तुम्ही असता तर कोणत्या रजिस्टरचं नाव घालून मागितलं असतं? येत्या सोमवारी द्यायचाय, तोवर सांगा.