डिसेंबरात सात इव्हेंट, टीम सहा जणांची, प्लॅनिंगला सुरुवात कुठून करू?

ऑप्सवाली:
नमस्कार मंडळी. आमची टीम छोटी आहे, पर्मनंट सहा जण, बाकी सगळे फ्रीलान्सर. यंदा पहिल्यांदाच डिसेंबरचं सगळं ऑपरेशन माझ्या गळ्यात पडलंय कारण आधीचे हेड मध्येच सोडून गेले आणि जाताना हँडओव्हर म्हणून एक फोल्डर दिलं त्यात अर्ध्या फायलींचं नाव "फायनल" आणि उरलेल्यांचं "फायनल नवीन". 12 ते 31 तारखेत सात इव्हेंट आहेत, चार कंपन्यांच्या ॲन्युअल पार्ट्या, एक अवॉर्ड नाईट, एक फॅमिली डे आणि 31 ची रात्र. त्यातले 19 आणि 20 लागोपाठ, वेगवेगळ्या व्हेन्यूला. मी एक्सेल केलीये, प्रत्येक इव्हेंटला वेगळा टॅब, वेंडर, ॲडव्हान्स, परवानग्या, शो फ्लो (स्टेजवर कधी काय होणार) सगळं टाकलंय. सगळं हिरवं दिसतंय तरी पोटात गोळा येतोय. काय सुटतंय ते सांगा ना कोणीतरी. सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे वेळ आहे अजून, असं मी स्वतःला सांगतेय.

बॅकस्टेज_काका:
ताई, एक्सेल चांगलीच असणार, पण टॅब इव्हेंटनुसार पाडलेत ना, तिथेच गोची आहे. एकेक इव्हेंट सुटा बघितला की तो नेहमी व्यवस्थितच दिसतो, मारामारी असते ती दोन टॅबच्या मधे. एक नवीन शीट कर, उभ्या ओळीत तास आणि आडव्या ओळीत माणसं, ट्रक, कन्सोल (साउंड-लाइट चालवायचे बोर्ड), वेंडरचे हेड. आणि त्यात शो लिहू नकोस, डिसमेंटल लिही. 19 चा शो समजा साडेअकराला संपला, पाहुणे हलेपर्यंत साडेबारा, मग ट्रस (लाइट टांगायचा लोखंडी सांगाडा) खाली घ्यायचा, लाइट्स थंड व्हायच्या, केबल गुंडाळायच्या, माल ट्रकमध्ये चढायचा, पहाटेचे पाच वाजतातच. आणि 20 च्या व्हेन्यूने एंट्री दिली असेल सकाळी आठची. मधल्या तीन तासांत ट्रकने पोचायचंय आणि त्याच पोरांनी झोपायचंय. कागदावर तुझा लाइटवाला दोन्हीकडे कन्फर्म आहे, पण माणूस एकच आहे!

आम्ही एका वर्षी हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढलेला मुलगा वरच डुलक्या काढत होता, मी खालून बघितलं आणि पायातलं बळच गेलं. तेव्हापासून माझा नियम, रात्रभर डिसमेंटल केलेला माणूस दुसऱ्या दिवशी उंचीवर चढणार नाही आणि गाडी तर अजिबात चालवणार नाही. क्लायंट कितीही मोठा असो.

अजून एक, वेंडर "हो हो ठेवलंय तुमच्यासाठी" म्हणाला म्हणजे ते होल्ड असतं. तेच होल्ड त्याने अजून तिघांना दिलेलं असतं. ॲडव्हान्स आणि आयटमची यादी लेखी गेली की मग कन्फर्म. आणि कोण माणूस येणार ते नाव घे, डिसेंबरात चांगला ऑपरेटर दुसरीकडे जातो आणि तुझ्याकडे त्याचा हेल्पर येतो.

केबल_गुंडाळ्या:
काकांशी सहमत. मी पॉवरचं सांगतो कारण ते कोणीच लिहीत नाही. "जनरेटर एक नग" एवढंच असतं शीटमध्ये. अहो पण किती केव्हीएचा, म्हणजे केवढ्या क्षमतेचा? 125 केव्हीएचा सेट 0.8 पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) साधारण 100 किलोवॅट देतो, आणि तोही शंभर टक्क्यांवर रात्रभर रेटायचा नसतो, 70-80 च्या आत ठेवलेला बरा. आता साउंड, लाइट, एलईडी वॉल, किचन, हीटर सगळ्यांकडून लोड लेखी मागवा आणि बेरीज करा. तिन्ही फेजवर वाटणी पण बघा, नाहीतर बेरीज जमते आणि सगळा लोड एकाच फेजवर पडून ती बसते खाली. आणि किचनची लाइन वेगळी म्हणजे वेगळीच.

31 ला आमच्याकडे काय झालं सांगतो. 11:58 ला कोणीतरी कॉफी मशीन उचलून स्टेजमागच्या बोर्डात लावली. ब्रेकर पडला. साउंडला यूपीएस होता म्हणून माइक चालू राहिला, पण एलईडीचा प्रोसेसर रीस्टार्ट व्हायला लागला आणि काउंटडाऊनच्या जागी कंपनीचा लोगो फिरत बसला. अँकर हुशार निघाला, त्याने घड्याळाकडे बघून पब्लिककडूनच आकडे म्हणवून घेतले. लोकांना वाटलं मुद्दामच केलंय, वर्षभर कौतुक चाललं होतं. मी मात्र स्टेजमागे उकिडवा बसून बोर्डावर टॉर्च मारत होतो.

आणि काउंटडाऊनसाठी लाइव्ह स्ट्रीम लावत असाल तर जपून, तो कित्येक सेकंद मागे असतो, कधी कधी अर्धा मिनिट. बाहेर फटाके आणि आत अजून 20-19-18. स्वतःचा टायमर लावा आणि लॅपटॉपचं घड्याळ त्याच दिवशी नेटवरून सिंक करून घ्या.

बिलंवाली:
मी अकाउंट्सवाली आहे, मला कोणी बोलावत नाही पण शेवटी माझ्याकडेच येता 😀 ताई, क्लायंटच्या बाजूला सही कोण करतं ते आत्ताच विचारा आणि ती व्यक्ती डिसेंबरात सुट्टीवर कधी जातेय तेही. आमच्याकडे दरवर्षी तेच होतं, 22 ला पाहुणे वाढतात, खर्च वाढतो, "तुम्ही करा हो, नंतर बघू" असा फोन येतो, आणि मंजूर करणारा माणूस सुट्टी संपवून परत आल्यावर म्हणतो मला कोणी विचारलंच नाही. फोनवर हो म्हणाले की तिथल्या तिथे दोन ओळींचा मेल टाका, उत्तर आलं की मगच वेंडरला सांगा. बदलांसाठी एक फ्रीझ तारीख ठेवा, साधारण दहा दिवस आधीची, त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचा रेट वेगळा. एकदा रेट सांगितला की निम्मे बदल आपोआप गळतात. आणि बजेटमध्ये आकस्मिकसाठी दहा टक्के बाजूला, ते क्लायंटला दाखवूनच, लपवून नाही.

ऑप्सवाली:
काका, शीट केली आत्ता. नुसता लाइटवाला नाही, कारपेंटर, एक ट्रक आणि शो कॉलर (शो चालू असताना सगळ्यांना इशारे देणारी, म्हणजे मीच) तिघंही 19-20 ला दोन्हीकडे आहोत. मला स्वतःचंच नाव दिसलं नव्हतं. आता दोन शिफ्ट करायला एक्स्ट्रा फ्रीलान्सर घेऊन ठेवू का आतापासूनच, की व्हेन्यूशी बोलू?

केबल_गुंडाळ्या:
घ्या, घ्या, आत्ताच घ्या. डिसेंबर लागल्यावर कोणी फोन उचलत नाही.

बॅकस्टेज_काका:
मला नाही पटत. आठ अनोळखी पोरं घेशील आणि त्यांना रस्ता दाखवण्यातच तुझे तीन जण अडकतील. दोनच घे पण नोव्हेंबरातल्या एखाद्या छोट्या शोला त्यांना सोबत ने, हात बघ त्यांचा. आधी 20 च्या व्हेन्यूला फोन कर, सकाळी आठऐवजी 19 च्या दुपारी एंट्री मिळते का विचार. हॉल रिकामा असेल तर थोडे पैसे घेऊन देतात बऱ्याचदा. स्टेज आणि ट्रस आदल्या दिवशी दुसऱ्या सेटने उभे राहिले की 20 ला फक्त प्रोग्रामिंग आणि साउंड चेक उरतो. आणि शो कॉलर तू 20 ला रहा, 19 दुसऱ्या कोणाला तरी दे. जमेल त्यांना. 31 ला वॉकीटॉकी घे पण, गर्दीत बाराच्या सुमाराला मेसेज जाता जात नाहीत.

ऑप्सवाली:
व्हेन्यूशी बोलले. 19 ला दुपारी तीननंतर हॉल द्यायला तयार आहेत, अर्ध्या दिवसाचं भाडं मागतायत. बिलंवाली ताई, हे आकस्मिकमध्ये टाकू की क्लायंटला सांगू?

बिलंवाली:
क्लायंटला सांगा. आकस्मिक सप्टेंबरातच वापरलं तर 31 ला काय करणार. मेल मात्र आजच टाका, सही करणारीची सुट्टी कधीपासून आहे ते विचारलंत का?

ऑप्सवाली:
18 डिसेंबरपासून 😐 टाकते मेल.